गाडीच्या किमतीवर घासाघीस नंतर करा, आधी कोटेशनच्या खालच्या ओळी वाचा

दसरा-दिवाळी जवळ आली की मुंबईतल्या शोरूममध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "डिस्काउंट किती देता?" गाडी घेणाऱ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की ज्या आकड्यावर तुम्ही तासभर ताणता, त्या आकड्यात डीलरला फारसं सुटतच नाही. त्याची खरी कमाई खालच्या ओळींत असते, आणि त्या आपण न वाचता सही करतो.

नेहमीच्या, सर्वसामान्यांच्या गाड्यांवर डीलरचं मार्जिन साधारण ३ ते ५ टक्के असतं. एक्स-शोरूम, म्हणजे विमा आणि नोंदणीआधी, ९ लाखांची गाडी घ्या. कर वगळून डीलरच्या हाती समजा ३२ हजार आले. तुम्ही भांडून १२ हजार कमी करून घेतले. आता गाडी काही कंपनी उधारीवर देत नाही; डीलर बँकेकडून कर्ज काढून स्टॉक उचलतो. १० टक्के व्याज धरलं तर या एका गाडीवर दिवसाला २४० रुपयांच्या आसपास व्याज चढतं. ती ४५ दिवस यार्डात उभी राहिली तर १० हजार ८०० गेले. उरले ९ हजार २००. त्यातून सेल्समनचा इन्सेंटिव्ह, टेस्ट ड्राइव्हचं पेट्रोल, भिवंडी-पनवेलकडच्या यार्डाचं भाडं आणि मुंबईतल्या रस्त्यालगतच्या शोरूमचं भाडं. यातून धंदा चालत नाही.

म्हणूनच स्टॉक किती दिवस पडून आहे, यावर डीलरचा जीव टांगलेला असतो. २०२४ च्या सणासुदीच्या तोंडावर डीलरांची संघटना फाडाने सांगितलं होतं की देशभरात ८० ते ८५ दिवसांचा स्टॉक साचलाय. संघटनेच्या मते तो २१ दिवसांचा असावा. कंपनी गाड्या ढकलते, डीलर व्याज भरतो. वर महिन्याचं आणि तिमाहीचं टार्गेट. टार्गेटचा टप्पा गाठला तर कंपनीकडून सगळ्या गाड्यांवर जादा रक्कम मिळते, दोन-चार गाड्या कमी पडल्या तर ती हातची जाते. महिन्याच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत एखादी गाडी मार्जिनच्याही खाली विकली जाते ती यामुळे. तेव्हा भाव विचारायचा असेल तर २७-२८ तारखेला विचारा, ५ तारखेला नाही.

आता विमा. माझ्या मते कोटेशनमधली सगळ्यात महाग ओळ हीच. नव्या कारला ३ वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर ठरलेला आहे: १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४०, त्यावरच्या गाडीला २४,५९६, अधिक जीएसटी. तो कुठल्याही कंपनीकडे तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात, म्हणजे ओन डॅमेजमध्ये, आणि झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, रिटर्न टू इन्व्हॉइस (चोरी किंवा पूर्ण नुकसानीत बिलाची रक्कम) अशा जोडकव्हरांत. डीलरला या प्रीमियमवर मोबदला मिळतो, म्हणून शोरूममधला प्रीमियम सहसा चढा असतो. तीच कव्हरं, तीच आयडीव्ही (गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम) घालून बाहेरून दर काढला तर अनेकदा दहा-बारा हजारांचा फरक निघतो. आयडीव्ही तपासायला मात्र विसरू नका. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती खाली ओढून प्रीमियम स्वस्त दाखवला असेल तर गाडी चोरीला गेल्यावर नुकसान तुमचंच. इंजिन प्रोटेक्ट मुंबईत घेऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे इथे पाणी भरतं, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून इंजिनात पाणी ओढून घेतलं की साध्या पॉलिसीत तो दावा सहसा बसत नाही.

दोन गोष्टी डीलर आपणहून बोलत नाही. पहिली, नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुनी गाडी विकली की विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि हे पत्र ३ वर्षं चालतं. दुसरी, मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीपासून असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

"विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर डिस्काउंट नाही, कॅशलेस मिळणार नाही" हे वाक्य ऐकू आलं तर ते लेखी मागा. विमा कुठून घ्यायचा हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, विमा नियामकाचे नियमही तेच सांगतात. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला देणं, हे त्या दोघांतल्या करारावर चालतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही.

कर्जाचंही तसंच. शोरूममध्ये बसलेला बँकेचा माणूस जी फाइल करतो तिच्यावर डीलरला कर्जाच्या रकमेच्या टक्क्यांत पेआउट मिळतं. ८ लाखांचं कर्ज ५ वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता १६,६०७ च्या आसपास. साडेनऊ टक्क्यांनी १६,८०१. महिन्याला दोनशेच्या आतबाहेर म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण ६० हप्त्यांत साडेअकरा हजारांहून जास्त जातात. आपल्या पगाराच्या बँकेचा दर आधी हातात ठेवा. बँकेने कर्जाआधी की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. त्यात प्रोसेसिंग फी धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो, तुलना त्याच आकड्याची करा. मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती आकारणार, तेही त्यातच बघा.

अ‍ॅक्सेसरीजवर जास्त लिहीत नाही. मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, कॅमेरा यांचे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाव काढून बघा. वायर कापून बसवावं लागेल असं काही बाहेरून घेऊ नका, कारण वॉरंटीचा वाद तिथेच होतो. एक्स्टेंडेड वॉरंटीही बुकिंगच्या दिवशीच घ्यायला हवी असं नाही. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत ती देतात, उशिरा थोडी महाग पडते एवढंच.

हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक्स, डेपो चार्जेस मात्र अजिबात देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. एक्स-शोरूम म्हणजेच शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाडीची किंमत. ती तिथपर्यंत आणायचा खर्च पुन्हा का द्यायचा? "याची जीएसटीची वेगळी पावती द्या" म्हटलं की ही ओळ बहुतेक वेळा खोडली जाते.

आरटीओच्या ओळीत एकच गोल रक्कम लिहिलेली असते. ती फोडून मागा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के कर, म्हणजे ९ लाखांवर ९९ हजार. नोंदणी शुल्क ६०० रुपये, कर्ज असेल तर त्याच्या नोंदीचे १,५००, शिवाय कार्ड वगैरे किरकोळ. वरचे पाच-सात हजार कशाचे, हे विचारायला लाजू नका. किंमत १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्याकडून आधीच घेतलेला आयकर, लागतो. तो खर्च नाही, पॅन बरोबर दिलात तर इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मागता येतो.

एक्स्चेंजमध्ये दोन आकडे मिसळून सांगतात. जुन्या गाडीची किंमत वेगळी आणि कंपनीचा एक्स्चेंज बोनस वेगळा. बोनस कंपनी देते, डीलर नाही. बाहेर गाडीला ३ लाख मिळत असतील आणि शोरूम २ लाख ६० हजार अधिक ३० हजार बोनस देत असेल तर तुम्ही १० हजारांनी खाली आहात. कॉर्पोरेट डिस्काउंटही कंपनीच्या योजनेतून येतो. ऑफिसचं ओळखपत्र दाखवून आपणच विचारायचं, नाहीतर तो राहून जातो.

सेल्समनवर ओरडू नका. वीस-पंचवीस हजारांच्या पगारावरच्या त्या पोराला विमा, कर्ज, अ‍ॅक्सेसरीज असं प्रत्येकाचं वेगळं टार्गेट असतं. कंपन्यांनी डीलरला धड मार्जिन दिलं असतं तर हा भार गिऱ्हाइकाच्या अंगावर असा आडवाटेने आला नसता. दोष वरून येतो, हे मनापासून वाटतं.

पैसे भरण्याआधी गाडीचा चासी नंबर घ्या आणि यार्डात जाऊन तीच गाडी बघा. उत्पादनाचा महिना-वर्ष फॉर्म २२ वर, म्हणजे गाडीबरोबर येणाऱ्या कंपनीच्या प्रमाणपत्रावर, पडताळा. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. जानेवारीत घेताना आदल्या वर्षीची गाडी पदरात पडली तर विकताना एक वर्ष जुनी धरली जाते, त्यामुळे ती घ्यायचीच असेल तर तेवढी सूट मागा. आणि नंबर पडल्यावर आरटीओत भरलेल्या कराची पावती मागून घ्या, कोटेशनशी जुळवा, आणि जास्त घेतलेली रक्कम ईमेलवर परत मागा. फोनवर नको.