आंतरराष्ट्रीय भेंडी

फ्लेक्सवाल्या दादाने पेनड्राइव्हमधली फाईल उघडली, मान तिरकी करून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "फोटो कुणाचा टाकायचा?"

म्हणलं कुणाचाच नाही, रिसर्च पोस्टर आहे, क्वालालंपूरला न्यायचंय, कॉन्फरन्स आहे. तर म्हणे, "मग लोक बघणार कशाला?" त्याचं बरोबर होतं हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मात्र मी त्याला ए झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर असं समजावत बसले आणि तो म्हणाला, "मिलिमीटर आणि काय काढलाईस, तीन बाय चार करतो, जास्तीचं फुकट घे." मागे सोनेरी किरणं टाकू का हेही त्याने दोनदा विचारलं. कोल्हापुरात फ्लेक्सला किरणं नसली की दुकानदाराला आपलं काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

आता विषय काय, तर गूळ. रस उकळताना त्यातली मळी वर यावी म्हणून गुऱ्हाळात रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवतात आणि ते तार सुटणारं पाणी काहिलीत ओततात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस नावाची पावडरही मारतात, ती टाळून निव्वळ भेंडीवर रंग किती सुधारतो हे आम्ही दोघींनी मोजलं. एवढंच. पण मॅडमनी टायटल असं काही लांबलचक इंग्रजी केलं की आईला वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे भेंडीचं बुळबुळीतच ना?" हो आई, तेच. त्याला आता म्युसिलेज म्हणायचं, आणि म्युसिलेजला पासपोर्ट लागतो.

बरं, मलेशियाच का, तर २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीयांना तिथे ३० दिवस व्हिसा लागत नाही. इतर देशांच्या कॉन्फरन्सेस आमच्या बजेटनेच नापास केल्या होत्या. कॉलेजने अर्धी फी द्यायचं मान्य केलंय. ते अजूनही मान्यच करतायत.

तयारी काय केली म्हणून सांगू! "दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन" हे वाक्य पार्टनर हॉस्टेलच्या आरशासमोर इतक्यांदा म्हणाली की मेसवाल्या काकूंनी "भाजी संपली" सांगितल्यावर तिच्या तोंडून तेच बाहेर पडलं. बॅगेत दोन किलो भडंग, गुळाचे बारके खडे करून भरलेला डबा, आणि खांद्यावर पोस्टरची नळी. विमानतळावर नळीकडे बोट दाखवून विचारलं हे काय, मी म्हणाले रिसर्च, त्यांनी ती दोनदा मशीनमधून काढली.

आणि हॉलमध्ये बोर्ड उभे. म्हणजे पोर्ट्रेट. आमचं पोस्टर आडवं. सूचनांची मेल आम्ही वाचली होती, पण चौथ्या पानावरची ती एक ओळ सोडून, आणि वर दादाने प्रेमाने दिलेलं जास्तीचं फुकट होतंच. शेवटी आमची इंट्रोडक्शन डावीकडच्या इंडोनेशियन मुलाच्या बोर्डावर आणि कन्क्लुजन उजवीकडे हवेत लटकलेलं, एसीच्या वाऱ्याने फडफडणारं. तो मुलगा इतका सज्जन की चार तास काही बोलला नाही, फक्त स्वतःचा ग्राफ दाखवायचा झाला की आमची इंट्रोडक्शन अलगद पडद्यासारखी बाजूला करायचा.

पोस्टरची वेळ आणि जेवणाची वेळ एकच ठेवणारा माणूस कोण असेल हो? आमची जागा बुफे आणि टॉयलेटच्या मधोमध. त्यामुळे गर्दी भरपूर, थांबणारं कुणी नाही. एक प्राध्यापक थेट आमच्याकडे आले, पार्टनरने श्वास भरून "गुड आफ्टरनून सर, जॅगरी इज" म्हणेपर्यंत त्यांनी विचारलं टॉयलेट कुठाय. तिने सवयीने "दॅट्स अ व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणलं. मी खांबाआड गेले.

जज एकच आल्या, तीन मिनिटं. टेबल बघून म्हणाल्या, फक्त तीन सॅम्पल? आम्ही "ड्यू टू रिसोर्स लिमिटेशन" म्हणलं. खरी गोष्ट अशी की गुऱ्हाळात गूळ करणाऱ्या गुळव्या मामांनी तीनच आधणं, म्हणजे काहिलीभर रसाच्या तीनच खेपा, आम्हाला खेळायला दिली होती, चौथं मागितल्यावर म्हणाले, "तुमची डिग्री हुईल, माझी काहील जळंल." आणि आमचा थर्मामीटर ११८ दाखवायच्या आधी मामा पाक थेंबभर गार पाण्यात सोडून, बोटांनी गोळी करून "उतरवा" म्हणून मोकळे व्हायचे. मग आम्ही पळत जाऊन आकडा लिहायचा. हे मेथडॉलॉजीत कसं लिहितात ते शिकवलेलंच नाही.

शेवटी तिथं चहाच्या टेबलाशी असणारी एक वयस्कर बाई कप गोळा करत आली आणि डब्यातल्या खड्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "गुला?" मी म्हणलं गूळ. ती म्हणाली गुला. मी परत गूळ. मलयमध्ये साखरेला गुला म्हणतात, तोही संस्कृतातल्या गुडापासूनच आलेला, समुद्र ओलांडून. तिने खडा तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि जाऊन अजून चौघींना घेऊन आली. त्या थांबलेल्या बघून लोक थांबले, लोक थांबलेले बघून प्राध्यापक थांबले. दहा मिनिटांत डबा रिकामा. पोस्टर कुणी वाचलं नाही पण रेसिपी सहाजणांनी विचारली. बक्षीस अर्थातच इंडोनेशियन मुलाला गेलं, आम्ही त्याला उरलेलं भडंग दिलं.

परत आल्यावर पोस्टर कुणालाच नको होतं. डिपार्टमेंटच्या भिंतीवर जागा नाही म्हणे, घरी बाबांनी स्कूटरवर टाकायला मागितलं. शेवटी मामांकडे नेलं, वळवाचा पाऊस तोंडावर होता आणि त्यांना चिपाडावर झाकायला काहीतरी हवंच होतं. त्यांनी ते अंगणात पसरलं, दगड ठेवायच्या आधी वाकून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट बघितलं. क्वालालंपूरला हे एकानेही केलं नव्हतं. खाली ॲक्नॉलेजमेंटमध्ये प्रिन्सिपल, एचओडी, लॅब असिस्टंट, झेरॉक्सवाला सगळे होते.

"फोटो न्हाई व्हय कुणाचा?" मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी फ्लेक्सवाल्याकडे. काहिलीपुढे उभे असलेले मामा, दोन बाय तीन. दादाने फोटो बघितला, खुर्चीत सरसावून बसला आणि न विचारताच मागे किरणं टाकली. खाली "शुभेच्छुक" म्हणून आमची दोघींची नावं.