'गिधाडे'च्या प्रयोगावरील तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

विजय तेंडुलकरांच्या 'गिधाडे' या नाटकाच्या आमच्या प्रयोगाला तुम्ही एक तारा दिलात आणि कारणंही मांडलीत: शिवीगाळ नि मारहाण असह्य, रंगमंचावर अंधार, मध्यंतरात आईला घेऊन उठावं लागलं, "पन्नास वर्षांपूर्वीचं असलं नाटक आज दाखवून काय मिळतं?" तिकिटाचे पैसेही परत मागितलेत.

तुमच्या आईंना त्रास झाला याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलं बापाच्या जिवावर उठलेली पाहणं त्या वयात फार जड जातं.

तरीही शिव्या आम्ही गाळणार नाही. नाटकातल्या पितळ्यांच्या घरात एकमेकांशी बोलायला दुसरी भाषाच उरलेली नाही. बापाने, म्हणजे पप्पांनी, स्वतःच्या भावाला धंद्यात बुडवलं, ते पाहतच त्यांचे मुलगे रमाकांत आणि उमाकांत मोठे झाले; पुढे तेच बापावर उलटलं. शिव्या सौम्य केल्या तर हे दोघे नुसते खलनायक ठरतात आणि ही कीड घरात आली कुठून, हा तेंडुलकरांचा प्रश्नच निसटतो. 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी हे नाटक बसवलं, तेव्हा पप्पांची मुलगी माणिक हिच्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. लागूंनी डाग निळा केला आणि तो लाल समजावा, असं प्रेक्षकांना जाहीरपणे सांगितलं. त्यांनी एवढं सोसून जपलेलं नाटक आम्ही स्वतःहून मवाळ कसं करू?

आज कशाला, याचं उत्तर कायद्यात आहे. आईवडिलांना मुलांकडून पोटगी सहज मिळावी म्हणून 2007 मध्ये वेगळा कायदा करावा लागला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडली तर, परत मिळवण्याची सोय त्यात आहे. ज्या समाजाला असा कायदा लागतो, त्याने पितळ्यांचं घर जुनं म्हणू नये.

अंधाराबद्दल. मारहाणीच्या प्रसंगात चेहरे दिसू नयेत हे दिग्दर्शकाने ठरवून केलं आहे. ऐकू यावा तो फक्त पप्पांचा आवाज. स्वच्छ उजेड पडतो तो गॅरेजमध्ये राहणाऱ्या रजनीनाथवर, म्हणजे पप्पांच्या अनौरस मुलावर, कारण त्या घराकडे बाहेरून पाहणारा तो एकटाच आहे. इतर प्रवेशांत मागच्या रांगांना रमाचा, म्हणजे रमाकांतच्या बायकोचा, चेहरा दिसायलाच हवा. घरच्यांपुढे ती फारसं बोलत नाही, तिचं सगळं चेहऱ्यावर आहे. तुमची ही तक्रार मी प्रकाशयोजनाकारांना कळवली आहे. पुढच्या तालमीत ते बाल्कनीत बसून पाहतील.

कलाकारांचंही सांगतो. मारामारी मोजून बसवलेली आहे, कुणाला इजा होत नाही. पण मनाला लागतंच. म्हणून प्रयोगानंतर सगळे मेकअप रूममध्ये बसतात, चहा घेतात, रमाकांत करणारा नट पप्पा करणाऱ्या ज्येष्ठ नटाच्या पाया पडतो, मगच घरी जातात.

पैसे परत करता येणार नाहीत. प्रयोग पूर्ण झाला आणि 'फक्त प्रौढांसाठी, हिंसक प्रसंग आहेत' हे जाहिरातीत आणि तिकीट खिडकीवर लिहिलेलं होतं. मात्र उत्तरार्ध तुम्ही पाहिलेला नाही, आणि रमाचं नाटक खरं तिथेच आहे. एकटे येणार असाल तर पुढच्या प्रयोगाला माझ्याकडून एक खुर्ची राखून ठेवतो. तिकीट खिडकीवर या अभिप्रायाचा उल्लेख करा. नंतर भेटलात तर दिग्दर्शकही बोलायला थांबतील.

आपला,
निर्माता