‘सवय होईल’ असं सांगणारा मीच होतो

नमस्कार ताई,

आमच्या दुकानाच्या रिव्ह्यूमध्ये तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. हे उत्तर तुमच्याशिवाय इतरही वाचतील, म्हणून आधी तुमची तक्रार सांगतो. गणेश चवथीच्या तीन आठवडे आधी तुम्ही आमच्या म्हापशाच्या दुकानातून 265 लिटरचा दोन दारांचा फ्रिज 31,500 रुपयांना नेला. तिसऱ्या रात्रीपासून तो कुणकुणायला लागला. तुमच्या सासूबाई स्वयंपाकघराला लागूनच झोपतात, त्यांचा डोळा लागेना. तुम्ही दुकानात तीन फोन केलेत, तिन्ही वेळा ‘नवीन आहे, सवय होईल’ हेच ऐकलंत. कंपनीचा तंत्रज्ञ ‘आवाज नॉर्मल’ लिहून गेला. फ्रिज बदलून मागितलात तर आम्ही कंपनीचा नंबर पुढे केला आणि बिलावरचा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का दाखवला. शेवटी तुम्ही लिहिलंय की कुणीतरी परत केलेला जुना फ्रिज आम्ही तुमच्या गळ्यात मारला.

हे शेवटचं सोडलं तर वर सांगितलेलं बाकी सगळं खरं आहे. ‘सवय होईल’ हे दुकानातला पोरगा म्हणाला असं तुम्हाला वाटतंय. तो नव्हे, मी म्हणालो. गल्ल्यावर बसून, फोन खांद्यात अडकवून, समोर चवथीचं गिऱ्हाईक उभं असताना.

तुमचा मजकूर वाचला त्याच रात्री मी साडेदहाला तुमच्या घरी आलो, ते तुम्ही नंतर लिहिलं नाहीत. हरकत नाही, मी लिहितो, कारण खरी गंमत तिथेच कळली. स्वयंपाकघरातला दिवा घालवून मी पाटावर बसलो. आवाज एक नव्हता, तीन होते. पहिला ‘टक्, टक्’, मध्येच एकदम तीन-चारदा. तो फ्रिजचा नव्हताच, वरच्या फळीवर ठेवलेल्या स्टॅबिलायझरच्या रिलेचा, म्हणजे आतल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचचा होता. पावसात व्होल्टेज वर-खाली झालं की तो तसा बोलतो, आणि लाकडी फळी त्याला ढोलकीसारखी साथ देते. दुसरा एक मंद घुमणारा सूर, कॉम्प्रेसरचा. तुमचा जुना फ्रिज चालायचा आणि मग बराच वेळ गप्प बसायचा. हा इन्व्हर्टरवाला आहे, कमी वेगाने जवळजवळ सतत चालतो. मोठा आवाज नाही, पण थांबतही नाही, म्हणून कानाला जाणवतो. हा त्याचा स्वभाव आहे, दोष नाही. मधूनच प्लॅस्टिक कडकन वाजतं, आत पाणी गुळगुळल्यासारखं होतं, तेही तसंच.

तिसरा आवाज मात्र वेगळा होता. बारीक, चिरका, मच्छरदाणीत शिरलेल्या डासासारखा. मी उठून दार उघडलं आणि आत कान लावला. शांत. दार लावलं, पुन्हा सुरू. तेवढ्यात आतून तुमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘पुता, दार उगडलें की ओगी रावता तो.’’ म्हणजे दार उघडलं की तो गप्प राहतो.

तंत्रज्ञ जिथे फसला ते हेच. फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे आत बर्फ साचू न देणाऱ्या फ्रिजमध्ये थंड हवा फिरवायला आत एक पंखा असतो, आणि बहुतेक मॉडेलांत दार उघडलं की तो आपोआप थांबतो. आवाज कुठून येतो ते बघायला माणूस दार उघडतो आणि नेमका तेव्हाच आवाज बंद होतो. त्यात तो आला शुक्रवारी, भर दुपारी. बाजाराचा दिवस, खाली माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान विकणाऱ्यांचा गजबजाट. त्या गोंगाटात डास काय, बैल ओरडला तरी ऐकू आला नसता. मी दार उघडं ठेवून चौकटीतली दाराची कळ बोटाने दाबून धरली. पंखा फिरला आणि चिरका आवाज उघड्यावर आला. दोन दिवसांनी तोच तंत्रज्ञ माझ्यासमोर आला, आतलं मागचं पॅनेल काढलं, तर पात्याची कड भोवतालच्या आवरणाला घासत होती. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच रोग ओळखला होता. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता हक्कांबद्दल. ‘दुकानदाराला तीस दिवसांत पैसे परत द्यावेच लागतात’ असं तुम्ही लिहिलंय. ते तसंच्या तसं बरोबर नाही. वस्तू सदोष असेल तर ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. मुदत बिलावर छापलेली असेल ती, छापलेली नसेल तर तीस दिवस. रंग आवडला नाही, जागेत मावला नाही, याला हे लागू होत नाही. पण तुमच्या फ्रिजमध्ये दोष होता, म्हणजे तुमच्या बाबतीत तुमचंच म्हणणं खरं. आणि सदोष मालाला तो शिक्का आडवा येऊच शकत नाही. माझ्या वडिलांच्या काळापासून तो गल्ल्याच्या खणात होता, मीही डोळे झाकून मारत आलो. आता खणात नाही.

‘कंपनीकडे जा’ म्हणून हात झटकायची आम्हा दुकानदारांची जुनी खोड आहे. पैसे तुम्ही माझ्या हातात दिलेत, बिल माझं. तुम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार केली असतीत तर कंपनीसोबत मलाही उभं राहावं लागलं असतं. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यावरच आम्ही हललो, असं तुम्ही म्हणता. अर्धं खरं. कंपनी त्यामुळे हलली. मी तुमच्या एका ताऱ्यामुळे हललो, आणि हे कबूल करायला तेवढंसं बरं वाटत नाही.

पुढे जायची वेळ आली असती तर वाट फार अवघड नव्हती, हेही सांगून टाकतो, जरी ते माझ्याच विरोधात वापरता येईल. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता तिथूनच तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत दोन वर्षांची. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

आणखी एक गोष्ट मात्र तुमची चुकली. मोबाइलवरच्या ॲपने 52 डेसिबल दाखवले आणि रात्रीची कायदेशीर मर्यादा 45 आहे, असं तुम्ही लिहिलंत. ते 45 ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांतले, निवासी भागातल्या परिसराच्या आवाजाचे, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत. फ्रिजसाठी ते नाहीत. आणि फोनचा माइक इतक्या बारीक आवाजावर भरवशाचा नसतो. आकड्याची गरजही नव्हती. दुसऱ्या रात्री मी शटर ओढून दुकानातलं तेच मॉडेल चालू ठेवलं आणि शेजारी बसलो. कॉम्प्रेसरचा घुमणारा सूर होता, डास नव्हता. मला तेवढा पुरावा पुरला.

जुन्या मालाच्या आरोपाबद्दल: खोक्यावरचा, फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरचा आणि तुमच्या बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे, ताडून बघा. डाव्या बाजूचा ओरखडा जिन्याच्या वळणावर आमच्याच पोरांनी पाडला. तेव्हाच सांगायला हवं होतं, त्यांनी ती बाजू भिंतीकडे करून ठेवली. तुम्हाला संशय आला यात नवल नाही.

कंपनी पंखा बदलून द्यायला तयार होती. महिनाही न झालेल्या फ्रिजचं पोट उघडायचं नाही, असं तुम्ही म्हणालात. बरोबर म्हणालात. सत्ताविसाव्या दिवशी मी दुकानातून नवा फ्रिज पाठवला, कंपनीकडून त्याचे पैसे वसूल करणं माझं मी बघतो. या वेळी पोरांनी तो भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलाय, पायाचे स्क्रू फिरवून सपाट केलाय. मागे सरकवू नका.

इतर गिऱ्हाइकांना एवढंच सांगेन की तंत्रज्ञ काम संपल्यावर फोनवर आलेला ओटीपी मागतो. तो दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार सुटली असं धरलं जातं. ताईंनी भाबडेपणाने दिला आणि त्यांची तक्रार बंद झाली. आवाज गेला नसेल तर देऊ नका, जॉबशीटवर, म्हणजे तंत्रज्ञाच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘आवाज चालूच आहे’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो काढून ठेवा. रेकॉर्डिंग करायचं तर रात्री करा, आधी दार लावून, मग उघडून. आणि दारावर ‘कॉम्प्रेसर 10 वर्षे’ असं मोठ्या अक्षरांत असलं तरी बाकीच्या भागांची वॉरंटी किती ते आतल्या कार्डावर वाचा. या फ्रिजला ती एकच वर्ष आहे आणि पंखा त्या बाकीत येतो.

राहिला स्टॅबिलायझर. फ्रिजच्या दारावरच ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असा स्टिकर आहे आणि तरी आम्ही तुम्हाला 1,900 रुपयांचा विकला. तो घेऊन या, बिल नसलं तरी चालेल, पैसे परत मिळतील. रविवारी दुकान बंद असतं. तारा एकच ठेवायचा असेल तर ठेवा, पण सासूबाईंना आता झोप लागते का तेवढं कळवा.