‘मासेमाराचं ऐकलं तर समुद्र रिकामा होईल’, म्हणे!

पावसाळी मासेमारी बंदी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो: ‘समुद्रात मासे किती उरलेत हे शास्त्रज्ञांनी मोजायचं. मासेमाराला फक्त आपलं जाळं भरायचं असतं. त्याचं ऐकलं तर समुद्र रिकामा होईल.’

शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये समुद्र रिकामा झाला तो मासेमाराचं न ऐकल्यामुळे. १९८०च्या दशकात तिथले किनाऱ्यालगतचे मासेमार ओरडून सांगत होते की कॉड हा तिथला मुख्य मासा कमी येतोय आणि येतो तोही लहान. सरकारी अंदाज मात्र साठा वाढतोय म्हणत होते. त्या अंदाजांचा मोठा भर खोल समुद्रातल्या ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या यांत्रिक बोटींच्या, पकडीवर होता. कॉड विणीच्या हंगामात दाटीने जमतो. उरलेले थवे यंत्रावर हुडकायचे आणि नेमकं तिथेच जाळं ओढायचं, मग साठा आटला तरी ट्रॉलर भरतोच. १९८६ मध्ये किनारी मासेमारांच्या संघटनेने जीवशास्त्रज्ञांकडून फेरतपासणी करून घेतली. सरकारी आकडे फुगलेले निघाले. १९८९ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनाही ते खाली आणावे लागले. २ जुलै १९९२ रोजी कॉडच्या मासेमारीवर बंदी आली आणि सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला.

‘मोजणं शास्त्रज्ञांचं काम.’ कबूल. पण मोजतात काय? आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेची माणसं निवडक बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची नोंद घेतात. म्हणजे आकडा मुळात मासेमाराच्या टोपलीतूनच येतो. आता डोलजाळं घ्या. ते समुद्रात एका जागी रोवलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी जोरात धावतं, मावरं (मासळी) जाळ्यात ढकललं जातं. भांगेत, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमजोर भरती-ओहोटीत, फारशी ओढच नसते, म्हणून डोलकर होडी काढायचं टाळतात. हे माहीत नसलेला माणूस भांगेची पकड बघून मासे संपले असं लिहून मोकळा होईल. संस्थेच्या लोकांना हे ठाऊक असतं, पण ते शिकले कुणाकडून?

मासेमाराला स्वार्थ असतो, हे खरंच. कोटा, म्हणजे पकडीची मर्यादा, ठरला की पकड लपवणारे सगळीकडे भेटतात. पण ट्रॉलरमालकाला आणि मंत्र्यालाही स्वार्थ असतो. त्यांच्यासाठी असा मजकूर कुणी फिरवत नाही.

आठवण कच्ची असते, हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. मेक्सिकोच्या कॅलिफोर्निया आखातात तीन पिढ्यांच्या मासेमारांना विचारलं, तेव्हा पूर्वी मुबलक पण आता घटलेल्या माशांच्या जाती म्हाताऱ्यांनी तरुणांच्या पाचपट सांगितल्या. तरुण खोटं बोलत नव्हते, त्यांनी ते मासे भरभरून पाहिलेच नव्हते. तेव्हा विचारायचं तर सत्तरीच्या तांडेलालाही (होडीच्या प्रमुखालाही) विचारा, आणि कुठलं जाळं, कुठला महिना, किती वाव (खोलीचं माप) पाणी हेही सोबत लिहून घ्या.