खंजीर आधी की जखम आधी?

‘पहिल्या महायुद्धात, 1918 साली, जर्मन सैन्य रणांगणात हरलेच नव्हते; शत्रूचे पाऊलही जर्मन भूमीवर नसताना घरच्या संपकऱ्यांनी, समाजवाद्यांनी आणि ज्यूंनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला’ हा दावा शंभर वर्षांनंतरही, ‘नागरिकांनी कच खाल्ली की सैन्य हरते’ या शिकवणीसकट, हिरिरीने पुढे पाठवला जातो. पाठीतला खंजीर मराठी राजकारणाच्याही परिचयाचा असल्याने आपल्याला तो चटकन पटतो, पण तारखा त्याला साथ देत नाहीत.

8 ऑगस्ट 1918 रोजी फ्रान्समधील आमियाँजवळ जर्मन फळी फुटली आणि हजारो सैनिक फारसा प्रतिकार न करता शरण गेले. सेनानी लुडेनडॉर्फने या दिवसाला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटले. मदतीला निघालेल्या ताज्या तुकडीला माघारी येणारे सैनिक ‘संपफोडे’ म्हणून हिणवत होते, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. युद्धबंदीची मागणी तातडीने करा, असा आग्रह त्याने आणि सेनाप्रमुख हिंडेनबुर्गने धरला तो 29 सप्टेंबरला. कील बंदरातील नौसैनिकांचे बंड त्यानंतर महिनाभराने पेटले. जानेवारीत बर्लिनमध्ये मोठा संप झाला होता हे खरे, परंतु तो आठवडाभरात मिटला आणि त्यानंतर मार्चमध्ये याच सैन्याने पश्चिम आघाडीवर प्रचंड चढाई केली.

जर्मन भूमीबद्दलचे म्हणणेही शब्दशः खरे नाही, कारण तेव्हा जर्मनीत असलेल्या अल्सेसमधील थान हे गाव 1914 पासून फ्रेंचांकडेच होते.

मात्र आघाडी आणि घर यांना दोन वेगळ्या पारड्यांत टाकणे, ही या दाव्यातली सर्वांत मोठी चूक आहे. 1916-17 च्या हिवाळ्यात बटाट्याचे पीक बुडाले आणि एरवी गुराढोरांना घातला जाणारा एक जातीचा सलगम लोकांच्या ताटात आला. पावात तोच, मुरंब्यात तोच आणि कॉफीच्या नावाखालीही तोच. ब्रिटिश नाकेबंदी हे त्याचे मोठे कारण होते, पण शेतातली माणसे आणि घोडे आघाडीवर नेणारे व खताचा नायट्रोजन स्फोटकांकडे वळवणारे धोरण जर्मनीचे स्वतःचे होते. ही उपासमार घरच्या पत्रांतून खंदकात पोहोचत होती, आणि रजेवर गेलेला सैनिक ती डोळ्यांनी पाहून परतत होता. मार्चच्या चढाईत फ्रान्समधील आल्बेर गाव हाती आल्यावर पुढे सरकण्याऐवजी अनेक सैनिक दारूच्या तळघरांत आणि ब्रिटिशांच्या कोठारांत रेंगाळले. पाणबुड्यांनी शत्रूला उपाशी मारले आहे, असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यासमोर डबाबंद मांसाच्या राशी होत्या. अशा वेळी वरिष्ठांच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

ज्यूंवरील आरोप तर निव्वळ विखारी आहे. सुमारे 1 लाख जर्मन ज्यू या युद्धात सैन्यात होते आणि त्यांपैकी सुमारे 12 हजार मारले गेले. 1916 मध्ये सैन्याने, ते आघाडी टाळतात या संशयावरून, त्यांची वेगळी शिरगणती केली. तिचे आकडे युद्ध संपेपर्यंत प्रसिद्ध केले नाहीत.

नोव्हेंबर 1919 मध्ये पराभवाच्या कारणांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे खंजिराची गोष्ट अधिकारवाणीने सांगितली ती हिंडेनबुर्गनेच. 3 ऑक्टोबर 1918 रोजी चॅन्सेलरला पाठवलेल्या पत्रात मात्र त्याने बाल्कनमधील मॅसेडोनियाची कोसळलेली आघाडी, भरून न निघणारी हानी आणि शत्रूची रोज येणारी नवी कुमक एवढीच कारणे दिली होती. त्यात संपाचा उल्लेख नाही.