उद्घाटनाला पैसे आहेत, रोजच्या कामाला नाहीत

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, कुठे तीन-चार वर्षं तर कुठे त्याहून जास्त काळ प्रशासक बसलेल्या पालिकांमध्ये एकदाचे नगरसेवक परत आले आणि आता सगळीकडे बजेटची गडबड आहे. रस्ते, पाणी, कचरा, ड्रेनेज यावर भरपूर बोललं जातंय आणि बोललंच पाहिजे. पण नाटक, गाणं, चित्रकला, लोककला यांच्यासाठी आपली पालिका वर्षभर काय करणार यावर कुणी बोलताना मला तरी दिसलं नाही. प्रचारात फार तर एक ओळ यायची, भव्य सांस्कृतिक भवन उभारणार. मुळात आहेत त्या नाट्यगृहांचं काय चाललंय ते कुणी विचारत नाही. पोस्ट जरा मोठी होणारे, पण बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहून टाकते.

मी हौशी नाटकांना लाइट्स करते. नोकरी सांभाळून. त्यामुळे पालिकेच्या नाट्यगृहांचा दर्शनी भाग कमी आणि मागचा दरवाजा जास्त बघितलाय. आणि माझं सरळ मत असंय की पालिकेचा कलेवरचा पैसा मुख्यतः दोनच ठिकाणी जातो, एक म्हणजे नवीन इमारत आणि दुसरं म्हणजे तीन-चार दिवसांचा महोत्सव. दोन्हीचं उद्घाटन होतं, दोन्हीला कोनशिला नाहीतर फ्लेक्स लागतो, फोटो येतो. उरलेलं वर्षभर कुणीतरी कुठेतरी तालीम करत असतं, कुणी पोरांना तबला शिकवत असतं, कुणी एकांकिका बसवत असतं, त्याला फीत कापता येत नाही म्हणून त्याच्यासाठी बजेटमध्ये जागाच नसते.

हे कायद्यातच थोडं दडलंय. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये कलम ६३ ला पालिकेची बंधनकारक कामं आहेत, पाणी, सफाई, दिवाबत्ती वगैरे. नाट्यगृहं, सार्वजनिक ठिकाणचं संगीत, करमणूक हे सगळं कलम ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक. वाटलं तर करा. दुसरीकडे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली, त्यात शहरांनी बघायच्या १८ विषयांमध्ये सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना प्रोत्साहन देणं हा विषय स्पष्ट लिहिलाय. म्हणजे राज्यघटनेला हा शहराचा विषय वाटतो आणि पालिकेच्या लेखा विभागाला तो उरलेल्या पैशांतून करायचा विषय वाटतो. आणि पालिकेत पैसे कधी उरतात का? ऐच्छिक म्हटल्यावर पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री कुठे लागणार हे सांगायला नको.

असं कायमच नव्हतं हो. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर बघा. १९६२ साली त्याची पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हातून झाली आणि २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, ते सुरू झालं. ते बघायला बालगंधर्व नव्हते, आदल्या वर्षी गेले. पानशेतच्या पुरानं १९६१ मध्ये ते शहर अक्षरशः धुऊन निघालं होतं आणि पुढच्याच वर्षी तिथली पालिका नदीकाठी नाट्यगृहाचा पाया घालत होती. पुलंसारख्या माणसानं त्यात लक्ष घातलं, वर चित्रकारांसाठी कलादालन ठेवलं. आधी सगळं सुरळीत होऊ दे मग कला बघू असं कुणी म्हणत बसलं असतं तर आजही तिथे मोकळा प्लॉटच असता.

आणि दुसरं टोक म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, पुढे ज्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं ते नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलाकार मंडळी बाहेर उभी राहून रडत होती ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. नंतर सरकारनं निधी जाहीर केला, पुन्हा उभारायचं काम हातात घेतलं, चांगलंच झालं. पण मला त्या रात्रीपासून एकच प्रश्न पडलाय की आपल्या बाकीच्या नाट्यगृहांची वायरिंग शेवटची कधी तपासली? फायर ऑडिटचे कागद असतीलही. मी कागदांचं विचारत नाहीये.

मी काय बघते ते सांगते. स्टेजच्या वर जो लाइट बार असतो त्याला आम्ही दिवे टांगतो. एका पालिकेच्या नाट्यगृहात (नाव घेत नाही) त्या बारच्या सॉकेटपैकी अर्धी बंद होती आणि जी चालू होती त्यातल्या दोनांच्या भोवतीचं प्लास्टिक वितळून काळं पडलेलं. तिथल्या इलेक्ट्रिशियनला दाखवलं. तो बिचारा म्हणाला, ताई, मला दिसतंय की, पण सॉकेट घ्यायला पण वरून मंजुरी लागते, मी तीनदा लिहून दिलंय, तुम्ही त्यातला डावीकडचा वापरू नका. आणि आम्ही डावीकडचा न वापरता प्रयोग केला. खाली सहाशे-सातशे माणसं बसलेली. त्या इलेक्ट्रिशियनची काहीही चूक नाहीये, हे मुद्दाम लिहिते, कारण शिव्या नेहमी त्यालाच बसतात. अशी माणसं एकेका नाट्यगृहात वर्षानुवर्षं आहेत, कुठला डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) रुसतो आणि कुठला पडदा अडकतो हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यांच्या हातात साधा बल्ब बदलायचा अधिकार नाही.

हे का होतं तर बहुतेक ठिकाणी नाट्यगृहाचं भाडं, डिपॉझिटमधली कपात, पार्किंगचे पैसे सगळं पालिकेच्या मोठ्या गल्ल्यात जातं. नाट्यगृहानं कमावलं तरी ते नाट्यगृहाला दिसत नाही. खर्च करायचा तर फाइल. विद्युत विभाग वेगळा, भवन वेगळा, सफाईचा ठेका वेगळा, एसीचा ठेका वेगळा, आणि नाट्यगृहाचा व्यवस्थापक या सगळ्यांना नुसती पत्रं लिहितो. मग स्वच्छतागृहाची कडी वर्षभर तुटलेली राहते, रंगपटातल्या आरशाचे बल्ब गेलेले राहतात आणि पाच-सात वर्षांनी एकदम कोट्यवधींचं नूतनीकरण निघतं, नाट्यगृह महिनोन् महिने बंद. तेवढ्या काळात प्रयोग कुठे करायचे ते आमचं आम्ही बघायचं. पुन्हा उद्घाटन. पुन्हा पाच वर्षं कुणी बघत नाही.

भरत जाधवांनी मे २०२३ मध्ये रत्नागिरीत एसी बंद असलेल्या नाट्यगृहात घामाघूम होत प्रयोग केला आणि स्टेजवरूनच प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली, पुन्हा इथे येणार नाही म्हणाले. तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, चार दिवस चर्चा झाली. नावाजलेला नट बोलला म्हणून निदान बातमी तरी झाली. हौशी संस्थेतली पोरं त्याच उकाड्यात, मेकअप ओघळत, दरवर्षी स्पर्धा करतात, त्यांची बातमी कोण करणार?

आता इमारतीपेक्षाही माझ्या जवळचा विषय, तालमीची जागा. प्रयोग एक दिवसाचा असतो, तालीम दीड-दोन महिने. आणि शहरात तालमीला जागाच उरलेली नाही. पूर्वी कुणाचा वाडा, कुणाची गच्ची, देवळाचा मंडप मिळायचा, आता सोसायटीच्या हॉलचं तासाचं भाडं कॉलेजच्या पोरांना झेपत नाही, वर आवाजाची तक्रार. दुसरीकडे पालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात, त्यातल्या कित्येक शाळांना छान हॉल आहेत, पंखे आहेत. एका वर्षी आम्ही अशा हॉलसाठी अर्ज केला. शिक्षण विभाग म्हणाला मालमत्ता विभागाकडे जा, मालमत्तावाले म्हणाले वॉर्ड ऑफिसचं पत्र आणा, वॉर्ड ऑफिस म्हणालं मुख्याध्यापकांचं ना-हरकत आणा, आणि मुख्याध्यापक बाई खरंच चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या माझी काहीच हरकत नाही पण रात्री वॉचमनचा ओव्हरटाइम कोण देणार. आम्ही म्हटलं आम्ही देतो. तर तो घ्यायला पावतीचं हेडच, म्हणजे हिशेबातलं खातंच नाही! तालमी शेवटी एकाच्या घराखालच्या पार्किंगमध्ये, गाड्या यायच्या आधी उरकल्या.

ह्याला किती पैसे लागतात सांगा? वॉचमनचा ओव्हरटाइम आणि लाइटबिल. एवढंच. एका महोत्सवाच्या मांडवाच्या खर्चात शहरातल्या सगळ्या वॉर्डांत वर्षभर संध्याकाळचा एक हॉल उघडा ठेवता येईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आणि तिथे फक्त नाटकवाले येणार नाहीत, शाहिरी पथक येईल, भजनी मंडळ येईल, कथक शिकणाऱ्या मुली येतील, ज्यांना क्लासची फी परवडत नाही अशी वस्तीतली मुलं येतील. पालिकेच्या शाळेतल्या मुलाला आपल्याच शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी ढोलकी शिकता आली तर त्यासारखं दुसरं काय पाहिजे.

महोत्सवांना माझा विरोध नाही हं. महोत्सवात लावणी कलावंतांना, भारूड-गोंधळ करणाऱ्यांना चार पैसे मिळतात, मोठा प्रेक्षक मिळतो. पण तिथेही बघा, मंडपवाला आणि साउंडवाला ठेकेदार म्हणून बिल लावतो आणि त्याचं बिल निघतं, कलाकाराचं मानधन मात्र अडकतं. आमच्या ओळखीतल्या एका शाहिरांना एका पालिकेच्या कार्यक्रमाचं मानधन पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं आमंत्रण आलं तरी मिळालं नव्हतं. सोबत सहा-सात साथीदार, त्यांना त्यांनी स्वतःच्या खिशातून दिलं. शाल, श्रीफळ मात्र वेळेवर.

आधी पाणी द्या मग नाटकं करा, असं म्हणणारे येतीलच, आणि ज्यांच्याकडे दिवसाआड पाणी येतं त्यांच्या तोंडावर मी वाद घालणार नाही, त्यांचा राग खरा आहे. फक्त एवढंच म्हणते की पाण्याचा पैसा इकडे वळवा असं आम्ही मागतच नाही. जो पैसा आधीच कलेच्या नावानं खर्च होतोय तो नीट करा. आणि कायमची तरतूद ठेवणं पालिकांना अजिबात नवीन नाही. महिला आणि बालकल्याणासाठी पाच टक्के, दिव्यांगांसाठी पाच टक्के असा निधी बाजूला ठेवायचे शासनाचे आदेश आहेतच. तिथेही तो पूर्ण खर्च होत नाही अशा तक्रारी असतात, पण निदान हेड असतं, विचारायला जागा असते. कलेसाठी एक टक्का नको, अर्धा टक्का ठेवा, पण तो वर्गीकरण करून, म्हणजे एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला टाकून, दुसरीकडे पळवता येणार नाही असा ठेवा. नाट्यगृहाच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग त्याच नाट्यगृहाच्या देखभालीला बांधून द्या आणि व्यवस्थापकाला छोट्या दुरुस्तीचे अधिकार द्या, सॉकेट, बल्ब, कडी यासाठी मंत्रालयाइतकी उंच फाइल नको.

संस्थांना अनुदान द्यायचं तर त्यात एक मोठी भीती आहे आणि ती मलाही आहे, की ते नगरसेवकाच्या मर्जीतल्या मंडळांना जाईल. जाणारच, जर निवड बंद खोलीत झाली तर. म्हणून अर्ज खुले हवेत, निवड समितीत त्या त्या कलेतली माणसं हवीत, आणि कुणाला किती दिले आणि त्यांनी काय केलं ही यादी वेबसाइटवर हवी. नाट्यगृहाच्या तारखांचंही तसंच. शनिवार-रविवारच्या तारखा कुणाला मिळाल्या, किती तारखा राजकीय मेळाव्यांना आणि शाळांच्या गॅदरिंगला गेल्या, ऐनवेळी कुठल्या नाटकाचा प्रयोग सभेसाठी रद्द करायला लावला, सगळं दिसू दे ना. व्यावसायिक निर्माता त्यातून कसाबसा वाट काढतो, हौशी संस्थेला मंगळवार सकाळ मिळते. मंगळवारी सकाळी नाटकाला कोण येणार?

एक काम सगळ्यांना करता येईल. आपल्या पालिकेचं अंदाजपत्रक बहुतेक ठिकाणी वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतं. त्यात नाट्यगृहं, सांस्कृतिक कार्यक्रम, कला अशी हेडं शोधा आणि दोन रकाने शेजारी शेजारी लावून बघा, गेल्या वर्षीची तरतूद आणि प्रत्यक्ष झालेला खर्च. मग खर्चात देखभाल किती आणि कार्यक्रम किती ते बघा. मी आमच्या पालिकेचं हे काम सुरू केलंय, आमच्या संस्थेतल्या एका मुलानं एक्सेलमध्ये तक्ता करून दिलाय. तुमच्या शहराचे आकडे काढलेत तर मला मेसेज करा, तो तक्ता पाठवते. बजेटवर सभागृहात चर्चा होईल त्याच्या आधी आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकांच्या हातात हा कागद पडला पाहिजे, आणि सोबत एकच लेखी मागणी, संध्याकाळी पालिकेच्या शाळेचा एक हॉल.