पाटीवरच्या शब्दाची किंमत

सॉरडोवरून, म्हणजे आंबट विरजणावर फुगवलेल्या पावावरून, मुंबई-पुण्यात दोन तट पडलेत. एकाला तीन-चारशे रुपयांचा तो पाव म्हणजे पचनाचं औषध वाटतं, दुसऱ्याला नुसता श्रीमंती चाळा. फ्रान्समधल्या लहान गावात राहून हा वाद वाचताना खटकतं ते एवढंच, की त्या पावाला सॉरडो म्हणायचं कशावरून, हे दोन्हीकडचं कुणीच विचारत नाही.

इथे ते कायद्यात लिहिलेलं आहे. मळणं, आंबवणं, आकार देणं आणि भाजणं विक्रीच्या जागीच होत असेल आणि पीठ वा पाव कधीच गोठवलेला नसेल, तरच पाटीवर ‘बूलांजरी’, म्हणजे पावाची बेकरी, असं लिहिता येतं. हा १९९८ चा कायदा. त्याआधी १९९३ च्या हुकमाने आंबट विरजणाच्या पावाची व्याख्या केली: पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितका पाव आंबट) ४.३ च्या वर नको, पावाच्या गरात किलोमागे किमान ९०० मिलिग्रॅम असेटिक आम्ल हवं. शेवटच्या मळणीत यीस्ट चालतं, पण किलोभर पिठाला २ ग्रॅमपर्यंतच. दोन हजार वस्तीच्या गावातल्या बेकरलाही हे चुकत नाही.

एक भोक मात्र राहिलंय. हे संरक्षण फक्त पावाला आहे, क्रुआसाँला, म्हणजे बटरचे पदर असलेल्या चंद्रकोरी पावाला, नाही. त्यामुळे उत्तम पाव करणाऱ्या दुकानातही क्रुआसाँ कारखान्यातून गोठवून आलेला असू शकतो. सगळे नग साच्यातून काढल्यासारखे दिसले तर सरळ विचारावं. हातचा क्रुआसाँ कापला की आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते आणि बूड कोरडं असतं. फुगवायला ठेवलेल्या जागी २८ अंशांच्या वर गेलं की बटर मऊ होऊन पिठात मुरतं, पदर एकमेकांना चिकटतात, उरलेलं बटर ट्रेमध्ये गळतं आणि क्रुआसाँ खालून तळला जातो. आपल्याकडे एसी नसलेल्या बेकरीत बटरऐवजी मार्गारिन (वनस्पती तेलाचं बटरसारखं स्निग्ध) येतं ते याच अडचणीतून. ते उशिरा वितळतं, म्हणूनच खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं चिकटून राहतं.

सॉरडोचंही तसंच. इथली कृती जशीच्या तशी पुण्यात केली तर फसते. ५०० ग्रॅम पीठ, ३४० पाणी, १०० विरजण, १० मीठ हे माप २४ अंशांच्या खोलीत साधारण पाच तास घेतं. एप्रिलमध्ये खोली ३२ अंशांवर असली की तीन तासांच्या आतच पीठ तयार होतं. घड्याळाकडे बघत पाच तास थांबलं की ते सैल पडतं आणि भट्टीत पसरट भाकरी होते. विरजण ५० ग्रॅमवर आणावं, पाणी फ्रिजमधलं घ्यावं आणि पीठ दीडपटीच्या आसपास फुगलं की थंडाव्यात ठेवावं. चक्कीच्या आट्यात दळताना स्टार्च जास्त फुटतो. तो पाणी खूप पितो आणि लांबच्या आंबवणीत चिकट होतो. खपली गव्हाचं ग्लूटेन (पिठाला ताण देणारं प्रथिन) कमजोर, म्हणून तिला साचाच हवा.

आता भट्ट्यांचा वाद. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा पावाची चव जाईल अशी हळहळ झाली. मला ती पटत नाही. इथल्या गावोगावच्या भट्ट्या बहुतेक विजेच्या किंवा गॅसच्याच आहेत. चव येते ती आंबवायला दिलेल्या वेळातून, तापलेल्या दगडी तळातून आणि पहिल्या काही मिनिटांच्या वाफेतून. धोका दुसरीकडे आहे: नव्या भट्टीचा खर्च भरून काढायला बेकर यीस्ट आणि ‘इम्प्रूव्हर’ (पीठ लवकर तयार करणारी पूड) वाढवून आंबवणीचे तास कापेल. पाव दिसेल तसाच, पण दुपारपर्यंत भुसभुशीत होईल.

पिठात घातल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावर भारतात २०१६ मध्ये बंदी आली, ते योग्यच झालं. पण काय घालू नये हे सांगून पाव म्हणजे काय ते ठरत नाही. गोव्यातला पोदेर (पाववाला) पूर्वी माडाच्या सुरेने पीठ आंबवायचा, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट आहे; नाव तेच राहिलं. यीस्टचा पावही चांगला होतो, फक्त गिऱ्हाइकाला ते कळायला हवं. लादीपाव, ब्रून, पोई यांची व्याख्या अर्ध्या पानात मावेल: घटक कोणते, किमान किती तास आंबवायचं, कुठे भाजायचं. लिहायला पोदेर आणि इराणी बेकऱ्यांतले जुने कारागीर बसवावेत, कारण तासांचा हिशोब त्यांच्याच हातात आहे.